इफच्या कंसात अख्खा तालुका कोंबायची काही गरज नसते

अरे भो, कोणी शिकवलं तुम्हाला असं लिहायला?? केळीच्या ड्रिपचा कंट्रोलर आहे, कोड सी या प्रोग्रामिंग भाषेतला, मोटर चालू करायची की नाही एवढंच इफच्या (म्हणजे 'जर'च्या) अटीत ठरवायचंय, फेज तिन्ही आहेत का, विहीर कोरडी तर नाही ना, स्विच ऑटोवर आहे का. संपला विषय. आणि लिहिलंय काय तर !(!फेज || कोरडी || !ऑटो), ! म्हणजे नाही, || म्हणजे किंवा. आता ज्याला हे वाचायचंय त्यानं डोक्यात सगळं उलटं करत बसायचं. अरे सरळ फेज && !कोरडी && ऑटो लिहिलं असतं (मधलं ते जोडचिन्ह म्हणजे 'आणि') तर हात झिजले असते का?

आणि हे तरी वाचून वाचून कळतं. खरा वैताग त्याच्या खालच्या ओळीत आहे, इफ (स्टेटस & 4 == 0). म्हणजे यांच्या मनात होतं की स्टेटसमधला फॉल्टचा बिट (बिघाड असला की 1 होणारा अंक, तो एकेरी चिन्हानं तपासायचा) नसेल तर मोटर चालू. पण सी मध्ये == (समान आहे का) आधी होतं आणि & नंतर, म्हणजे आधी 4 == 0 चं उत्तर शून्य (म्हणजे खोटं), मग स्टेटस & 0, ते पण शून्यच, म्हणजे ती मोटर जन्मात चालू होणार नाही! सुरुवातीला भाषेत && नव्हतंच, & लाच दोन्ही कामं होती, बिट तपासायचं नि अटी जोडायचं, && नंतर आलं तरी & ची जागा बदलली नाही, आणि ती बदलायला हवी होती असं सी बनवणाऱ्या खुद्द डेनिस रिचीनं १९९३ मध्ये लिहून ठेवलंय. इतकं जुनं दुखणं आहे हे. स्टेटस नि 4 भोवती कंसाची एक जोडी टाकायची फक्त. जीसीसीला (सी चा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) -वॉल (वॉर्निंग दाखवायचा पर्याय) लावलं की तो स्वतः ओरडून सांगतो इथं कंस टाका म्हणून, पण वॉर्निंग दिसायला नको म्हणून ह्यांनी ते पण काढून टाकलेलं!

अजून एक, 30 < ओल < 70. म्हणजे मातीतली ओल 30 नि 70 च्या मध्ये आहे का. गणिताच्या वहीत चालतं हो, सी मध्ये 30 < ओल चं उत्तर 0 नाहीतर 1, आणि ते 70 पेक्षा कमी असणारच ना, म्हणजे वावर तडकलं काय नि तुंबलं काय, अट कायम खरीच.

कोडच्या रिव्ह्यूत (तपासणीत) बोललं की म्हणे टेबलावर तर चाललं होतं. टेबलावर चालून काय उपयोग, रावेरकडचा माणूस भर मे महिन्यात रात्रीच्या लाइटसाठी जागा बसलेला असतो, बाग वाळायला लागलेली असते, आणि मोटर का लागली नाही हे त्याला फोनवर मी सांगायचं, तुम्ही नाही.