मावशींना एक आडनाव द्या की हो!

काल मालिकेत परत हार चोरीला गेला. थोरल्या सूनबाईंचा, पिढीजात, आणि ठेवला कुठे होता तर उघड्या ड्रेसिंग टेबलावर. पुढचं तुम्हीही ओळखलं असणार. आमच्या सासूबाई तर जाहिराती लागायच्या आधीच म्हणाल्या, "आता मावशींची पिशवी."

आणि आलीच पिशवी! आख्खं घर दिवाणखान्यात अर्धवर्तुळ करून उभं, कॅमेऱ्याकडे पाठ एकाचीही नाही, आणि धाकट्या जाऊबाईंनी (त्या स्लीव्हलेसवाल्या) ती टीपॉयवर उलटी केली. तीनदा दाखवलं. एकदा समोरून, एकदा वरून, आणि एकदा नुसते सगळ्यांचे चेहरे आणि ढॅण्ण. पडलं काय त्यातून? ॲल्युमिनियमचा चेपलेला डबा. दात तुटलेला कंगवा. चुरगळलेली दहाची नोट. विठोबाचा फोटो. संपलं! मोबाईल नाही, चार्जर नाही, बसचा पास नाही, आधार कार्ड नाही, भिशीची वही नाही, बीपीच्या गोळ्या नाहीत. अहो, कुठल्या सालातली बाई आहे ही? आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंना दांडी मारायची असली की पहाटे व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासकट निरोप येतो. पगार मोबाईलवर घेतात, आणि शंभर कमी पडले तर पाचव्या मिनिटाला व्हॉइस मेसेज. टीव्हीवरच्या मावशींना मात्र पोरीला ताप आलाय हे कळायला शेजारचा मुलगा धापा टाकत बंगल्यावर यावा लागतो.

पुढे ऐका. मावशी भिंतीला टेकल्या, पदराचा बोळा तोंडात. "मालकीणबाई, म्या गरीब हाय पण चोर न्हाई." हे वाक्य लिहायला पैसे मिळतात? मग नायिकेने सीसीटीव्हीचं फुटेज दाखवलं. घरात कॅमेरा होता तर आधी तो का नाही बघितला, हे विचारायचं नाही. चोर भलताच निघाला, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आमच्या घरातल्याच आहात." यावर घरातल्याच असलेल्या मावशींनी डोळे पुसले, जमिनीवर बसून आपलं सामान गोळा केलं आणि चहा टाकायला आत गेल्या. डबा सोफ्याखाली गेला होता. मी मुद्दाम बघत होते, तो काढायला एक माणूस वाकला नाही. नायिकासुद्धा नाही! तिच्या डोळ्यांवर क्लोजअप चालू होता.

मी ओरडले, "अहो, हिशोब मागा आणि चालू लागा!" सासूबाई म्हणाल्या, "अगं हळू, ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही."

घरातल्याच म्हणे. मग नाव सांगा त्यांचं. मालिका सुरू होऊन युगं लोटली, त्या घरातल्या कुत्र्याचं नाव मला माहीत आहे. मावशींचं नाही. आजोबांच्याही त्या मावशी, नातवाच्याही मावशी. दारावर हातभर पितळी पाटी, तिच्यावर घराण्याचं आडनाव, आणि तेही ठरलेल्या सात-आठांपैकीच. देशमुख झाले की इनामदार, इनामदार झाले की सरदेसाई, मग परत देशमुख. उरलेला महाराष्ट्र बहुतेक स्वयंपाकघरात उभा असतो. आणि या मावशी घरी कधी जातात हो? पहाटेच्या आरतीला त्या हजर, मध्यरात्री अपहरण होतं तेव्हाही पाण्याचा ग्लास घेऊन त्या हजर. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मालिका लिहिणाऱ्यांच्या खोलीत अजून पोचलेला दिसत नाही.

बोलीचा तर मला वेगळाच राग आहे, आणि तो जुना आहे. म्या, व्हय, न्हाई, लई, बगा. कोल्हापूरची म्हणावी तर कोल्हापूरकर कपाळाला हात लावतील. वऱ्हाडी नाही, अहिराणी नाही, मालवणीशी तर संबंधच नाही. ही घोडबंदर रोडवरच्या सेटवर जन्मलेली बोली आहे, आणि ती बोलायची कोणी, तर मोलकरणीने, ड्रायव्हरने, नाहीतर व्हिलनच्या गुंडाने. वऱ्हाडीत बोलणारा हृदयरोगतज्ज्ञ एकदा दाखवा, मी उभी राहून टाळ्या वाजवीन. त्यातून वॉचमन असला तर तो नेपाळी, त्याने 'शाब जी' म्हणायचं आणि आपण हसायचं.

गरिबीही बघा कशी असते. भिंतीचे पोपडे ब्रशने रंगवलेले, चारही भिंतींवर एकाच नक्षीत. रॉकेलचा स्टोव्ह. नायिका नळावर भांडायला निघते आणि साडीची इस्त्री मोडत नाही. ती गरीब आहे हे कळावं म्हणून दोन वेण्या आणि चष्मा. श्रीमंताशी लग्न झालं की चष्मा उतरतो. नंबर कुठे जातो कोण जाणे. बाप बहुतेक मास्तर, आणि त्याचं हृदय ऑपरेशनला टेकलेलं. गरीब माणूस चिडका, आळशी, हावरट, नुसता कंटाळलेला असा कधी दिसायचा नाही. तेवढी चैन त्याला परवडत नसावी.

श्रीमंतांना तर काम नसतंच. त्यांची 'कंपनी' असते. ती काय बनवते ते विचारू नका, बहुधा फायली. एक फाईल, एक डील, आणि न वाचता केलेली सही. हॉलमध्ये जिना, तो रागाने उतरायला किंवा कोणाला तरी ढकलायला. आणि वाईट बाई ओळखायची खूण ठरलेली: केस मोकळे, बाह्या नाहीत, वाक्याच्या शेवटी इंग्रजी. आता माझे केस खांद्यापर्यंत कापलेले आहेत, स्लीव्हलेस मी वर्षानुवर्षं घालते आणि चिडले की इंग्रजीत बोलते. या हिशोबाने सासूबाईंचा काटा मी कधीच काढायला हवा होता. वन बीएचकेत जिना नाही, म्हणून त्या सुखरूप आहेत.

हे सगळं मी जेवणाच्या ताटावर बोलले. नवरा म्हणाला, "मग बघतेस कशाला?" हा प्रश्न या घरात विचारायचा नसतो. त्या बंगल्यातली कुठली आत्या सख्खी आणि कुठली सावत्र हे मला झोपेत विचारा. आमच्या स्वतःच्या आत्येसासूबाईंना मुलं किती, ते मात्र आठवावं लागेल. काल वीज गेली होती तेव्हा सगळ्यात आधी इन्व्हर्टर कोणी तपासला, हेही सांगत नाही.

पण दूरदर्शनवर १९८६ साली 'नुक्कड' लागायची. त्यातला गुरू वायरमन होता, हरी सायकली दुरुस्त करायचा. त्यांना नावं होती, आणि मालिका त्यांचीच होती. कुठल्या बंगल्याने त्यांना 'घरातलेच' म्हणावं म्हणून ते खोळंबले नव्हते. तेव्हा सगळं भारी होतं असलं काही मी म्हणत नाही, रडारड तेव्हाही होती. पण मधल्या चाळीस वर्षांत आपण वायरमनवरून मावशींवर आलो?

बरं, चॅनेलवाल्यांना ठाऊक नाही म्हणावं तर तेही नाही. टीआरपी मोजायला बार्क या संस्थेचे मीटर बसतात त्या घरांची प्रतवारी दोन गोष्टींवर होते: मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत. यादीत वीज, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, रंगीत टीव्ही हे सगळं आहे. म्हणजे मावशींच्या घरात गॅस आणि फ्रिज आहे हे नोंदवून घ्यायचं, त्यांचं बघणं टीआरपीत धरायचं, आणि साडेआठला त्यांनाच स्टोव्हला पंप मारायला बसवायचं!

आज सकाळी ताई आल्या तेव्हा मी ओट्यापाशी हेच सांगत होते. पिशवी तुमची कोणी अशी उलटी केली तर, विचारलं. "पहिले हिशोब, मग पिशवी," त्या म्हणाल्या. "आणि बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायकांना सांगीन, तिला दुसरी मिळायची नाही." मग कढई घासता घासता म्हणाल्या, "पण त्या मावशी मालकांची हरवलेली बहीण निघते. फोटोच्या मागे लिहिलेलं असतं."

"तुम्हाला कसं कळलं? भाग तर आज रात्री आहे."

"मोबाईलवर सकाळीच येतो ना, पैसे भरले की. बसमध्ये बघितला."

आमच्याकडे पैसे भरलेले नाहीत. नवरा नको म्हणतो.

म्हणजे इतकी सोशिक, इतकी प्रामाणिक बाई गरिबाघरची असून कसं चालेल, रक्त खानदानीच निघायला हवं! मी नळ बंद केला. म्हटलं, "मग आता त्या सोफ्यावर बसतात?"

"बसतात की. साडी पण भारी दिलीय."

"आणि भांडी कोण घासतं?"

"नवीन बाई ठेवली," ताई म्हणाल्या. "तिला पण मावशीच म्हणतात."