पाच नंबरचा तारा आणि आईची खोली

फेंगशुई खरं की थोतांड, हा वाद आमच्या फॅमिली ग्रुपवर पोटभर घालून झालाय. निष्पन्न काही नाही. थोतांड म्हणण्यात सगळ्यात पुढे असलेले काका नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधून आले आणि विषय तिथेच मिटला. मी त्या वादात उतरत नाही. घरासाठी सल्ला आला की एकेक कलम सुटं करून बघायचं, एवढंच मी करते. या घरातल्या उजेडाशी, वाऱ्याशी, पाण्याशी, माणसांशी याचा काही संबंध लागतो का? आणि सल्ला फसला तर निस्तरणार कोण?

हे लिहायचं कारण म्हणजे धाकट्या भावाचं घर. सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, दार पश्चिमेला. २०२५ च्या सुरुवातीला त्याची नोकरी गेली, आणि पाठोपाठ आई पॅसेजमध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन. तेव्हा मेघनाने, म्हणजे आमच्या भावजयीने, फेंगशुईवाल्यांना घरी बोलावलं. ती बँकेत कर्जाच्या फायली तपासते, गोड बोलण्याला भुलणारी नाही. पण संकटं अशी रांगेने आली की माणूस ‘करून बघू, जातंय काय’वर येतो. तिला हसलेल्यांपैकी कुणीही त्या दिवसांत आईजवळ रात्री झोपायला आलं नव्हतं, हेही सांगून ठेवते.

तर त्यांच्या सल्ल्याची रंगीत पीडीएफ आली आणि तिने ती मला पाठवली. “ताई, तुम्ही सिव्हिलच्या. यातलं काय करायचं ते सांगा.”

पहिली काही कलमं मी बिनतक्रार मान्य केली. दारामागचा चपलांचा रॅक काढा, दार पूर्ण उघडू द्या. पलंगाच्या वरच्या माळ्यावर ट्रंका नकोत. गॅस आणि सिंक एकमेकांना चिकटून नकोत. नळ गळता ठेवू नका, त्यातून पैसा जातो (टँकरचं बिल भरणाऱ्या पुणेकराला हे वेगळं सांगायला नको). आमची आजी हे सगळं फुकट सांगायची आणि वर हातावर बेसनाचा लाडू ठेवायची.

लाफिंग बुद्धा आणि लकी बांबूलाही माझी हरकत नाही. तो गौतम बुद्ध नव्हे, दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्खू. आणि तो बांबू मुळात बांबूच नाही, मध्य आफ्रिकेतलं ड्रसीना आहे. बिचारं पाण्यात जगतं, हिरवंगार दिसतं. पाणी बदललं नाही तर डास होतात, तेवढं बघा.

पुढे मात्र मी पेन्सिल घेऊन बसले.

फेंगशुई ज्या मुलखात वाढलं तिथे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना अर्थ आहे. पाठीशी डोंगर, पुढे पाणी, तोंड दक्षिणेला. बीजिंग साधारण ४० अंश उत्तरेला. हिवाळ्यात सायबेरियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो, आणि ऊन मिळतं ते दक्षिणेकडूनच. अशा ठिकाणी उत्तर बंद आणि दक्षिण उघडी ठेवणारा माणूस शहाणा. पुणं आहे साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस होतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आपल्याला छळते ती पश्चिम. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तापत राहणारी भिंत, आणि पावसाळ्यात त्याच बाजूने येणारी झड. भावाच्या हॉलची पश्चिमेची भिंत दर ऑगस्टला ओल धरते. पीडीएफमध्ये तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. वास्तुशास्त्र दक्षिणेच्या दाराला नाक मुरडतं, फेंगशुईला तेच आवडतं, आणि यांच्या व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही सेवा एका ओळीत.

धनाच्या कोपऱ्याचं तर भलतंच त्रांगडं. एका पानावर तो आग्नेयेला, म्हणजे स्वयंपाकघरात. हे झालं होकायंत्राच्या पद्धतीने. पुढच्या एका पानावर तोच कोपरा ईशान्येला, म्हणजे आईच्या खोलीतल्या टॉयलेटात. हे कुठून आलं? तर १९८० च्या दशकात लिन युन या चिनी गुरूंनी अमेरिकेत रुजवलेल्या पंथात होकायंत्र लागतच नाही. दारात उभं राहायचं, घराचा दूरचा डावा कोपरा तो धनाचा. दोन वेगळ्या पंथांची पानं एकत्र शिवलेली, आणि ते सांगायचीही तसदी नाही.

बरं, होकायंत्र तरी कुठलं? मोबाइल. परंपरागत फेंगशुईत २४ दिशा असतात, प्रत्येकी १५ अंशांची. मी मुख्य दारात, आरसीसी कॉलमच्या शेजारी मोबाइल धरला तर २६१ अंश. तोच मोबाइल, तेच तोंड, सोफ्याजवळ गेले तर २८१. भिंतीत सळया, पलीकडे लिफ्ट. या दोन आकड्यांच्या मधली एक अख्खी दिशा उडी मारून ओलांडली गेली. ज्या शास्त्रात तीन अंशांनी नशीब बदलतं, त्याचं मोजमाप असं.

आता टॉयलेट. सल्ला असा की ईशान्येचं टॉयलेट बंद करून वायव्येला न्या. कागदावर बाण काढायला पैसे पडत नाहीत. या बिल्डिंगमध्ये स्लॅब फक्त टॉयलेटच्या जागीच खाली घेतलाय. दुसरीकडे नेलंत तर फरशी वीतभर उचलावी लागते, सॉइल पाइपला (मैला नेणाऱ्या पाइपला) डक्टपर्यंत, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीपर्यंत, उतार मिळत नाही, आणि ब्रिकबॅट कोबा (ओल अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) कितीही मन लावून केला तरी खालच्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर तुमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं सांडपाण्याचं तोंड, बसतो. ओटा टॉयलेटखाली येणार हे कळल्यावर खालच्या काकू एनओसीवर सही करतील का? आणि दोन पावसाळ्यांनी डाग उमटला की फेंगशुईवाले येणार नाहीत, प्लंबरला फोन तुम्हीच करणार. असली तोडफोड सुचवणाऱ्याने आधी प्लंबिंगचं ड्रॉइंग मागायला हवं. यांनी मागितलं नव्हतं.

पण माझं डोकं खरं फिरलं ते आईच्या कलमावर. फेंगशुईत नऊ नंबरांचे तारे दरवर्षी दिशा बदलतात. ईशान्येच्या खोलीत त्या वर्षी पाच नंबरचा तारा, सगळ्यात अशुभ. तेव्हा आजींना दक्षिणेच्या खोलीत हलवा आणि उत्तरेकडे डोकं करून झोपवा, ती त्यांची आरोग्याची दिशा.

दक्षिणेची खोली म्हणजे बिल्डरने ‘स्टडी’ म्हणून विकलेली कोठी. खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यातून चार मजल्यांच्या फोडण्यांचा वास येतो. रात्री टॉयलेटला जायचं तर तोच पॅसेज, जिथे आई पडली होती. ईशान्येच्या खोलीत सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं आणि टॉयलेट सहा पावलांवर. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या आरोग्याची दिशा कुठली, हे सांगायला ताऱ्याची गरज आहे?

आणि ही उत्तर आली कशी, तेही बघा. कुआ नंबर, म्हणजे माणसाच्या चांगल्या-वाईट दिशा ठरवणारा आकडा. जन्मसालातले शेवटचे दोन आकडे मिळवायचे, बाईचा असेल तर त्यात पाच मिळवायचे आणि एक आकडा उरेपर्यंत बेरीज करायची. आधार कार्डावर आईची तारीख १ जून १९५२. पाच आणि दोन सात, अधिक पाच बारा, म्हणजे तीन. तीनला उत्तर ही आरोग्याची दिशा.

१ जून! आपल्याकडे साठी-सत्तरी ओलांडलेली निम्मी माणसं १ जूनला जन्मलीत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. आई चंपाषष्ठीची. देशातली पहिली निवडणूक झाली त्या थंडीत ती तान्ही होती, आजी तिला मांडीवर घेऊन मत द्यायला गेली होती. म्हणजे साल १९५१. आता करा बेरीज. पाच आणि एक सहा, अधिक पाच अकरा, म्हणजे दोन. आणि दोन नंबरला उत्तर ही सगळ्यात घातक दिशा, आठांतली शेवटची. गुरुजींच्या टाकाने एक साल पुढे सरकलं आणि त्याच शास्त्राच्या हिशेबाने आईचं डोकं बरोब्बर नको त्या बाजूला गेलं. पीडीएफमध्ये कुठेही ‘जन्मतारीख खरी आहे ना?’ असा प्रश्न नाही.

मेघनाच्या आईंना तर एवढा हिशेबही लागला नाही. “उत्तरेकडे डोकं? भलतंच काय!” आमची आई पडल्या पडल्या म्हणाली, “दक्षिणेकडे पाय करायची वेळ आली की तुम्ही कराल गं. मला आत्तापासून कशाला?”

नवरा-बायकोचंही असंच. भाऊ १९७८ चा, त्याचा कुआ चार (पुरुषांची बेरीज दहातून वजा करतात), दिशा उत्तर, दक्षिण, पूर्व, आग्नेय. मेघना १९८२ ची, तिचा सहा, दिशा नेमक्या उरलेल्या चार. पलंग एकच. मेघनाने फोनवर विचारलं, मग कुणाची धरायची? “घरातल्या कमावत्याची.” तेव्हा घरात पगार तिचाच येत होता. तिने तसं सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता, आणि मग, “मॅडम, तुम्ही मिस्टरांचीच धरा.” मला वाटतं तिचा विश्वास उडाला तो तिथे, माझ्या नहाणी ट्रॅपच्या व्याख्यानाने नाही.

शेवटी केलं ते असं. रॅक हलवला, माळा रिकामा केला, नळ दुरुस्त केला. आईच्या टॉयलेटात पकडायला दांड्या बसवल्या, पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग. ही शेवटची तिन्ही कामं पीडीएफमध्ये नव्हती. टॉयलेटच्या कोपऱ्यात मेघनाने खडे मिठाची वाटी ठेवलीय, ती मी पाहून न पाहिल्यासारखं करते. दर शनिवारी मीठ बदलायच्या निमित्ताने तो कोपरा पुसला तरी जातो.

या फेब्रुवारीत फेंगशुईवाल्यांचा मेसेज आला, ‘वार्षिक अपडेट’, फी वेगळी. २०२६ मध्ये पाच नंबरचा तारा दक्षिणेला, त्या बाजूच्या खोलीत वयस्कर माणसं झोपवू नका. म्हणजे आईला कोठीत नेलं असतं तर आता वर्षाच्या आत पुन्हा बाडबिस्तरा उचलायचा होता.

भावाला नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. तेही त्यांना कुठून तरी कळलं. लगेच मेसेज: “अर्धे उपाय केलेत, म्हणून अर्धं फळ.” मेघनाने उलट विचारलंय की कुठले अर्धे. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.