टोकियो–सॅन फ्रान्सिस्को: अंतर भागिले 900 म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे

टोकियो–सॅन फ्रान्सिस्को विमानांबद्दलचा एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: विमानं पैसे उकळायला मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान आधी पोचायला हवं, अंतराला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागलं की खरा वेळ निघतो, आणि वेळापत्रकातला वेळ फुगवलेला असतो. घरच्यांनी याच भागाकारावर सॅन फ्रान्सिस्कोहून पुढे जायचं विमान ठरवायला घेतलं, तेव्हा उत्तर देणं भागच पडलं.

वळसा? पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. शहरं 36 आणि 38 अंशांच्या आसपास, पण दोरा मध्ये जवळपास 48 अंश उत्तरेपर्यंत चढतो. सपाट नकाशावरच्या सरळ रेषेने गेलात तर अंतर सुमारे 8,700 किलोमीटर भरतं, दोऱ्याच्या वाटेने सुमारे 8,300. जवळची वाट हीच.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा मात्र निव्वळ अडाणीपणाचा आहे. टोकियोच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1,350 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. तिच्याबरोबर हवाही जाते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. हा दावा खरा असता, तर ताशी 900 ने पूर्वेला निघालेल्या विमानाला सॅन फ्रान्सिस्को कधी गाठताच आलं नसतं, आणि परतीचा प्रवास चार तासांत आटोपला असता. प्रत्यक्षात उलटं घडतं: पूर्वेला जाताना साधारण 9 ते साडेनऊ तास, परतताना 11 च्या आसपास.

फरक पाडतो तो वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर सहज जातो. वाटेतली सरासरी 100 धरा. जाताना 900 अधिक 100, म्हणजे 8,300 किलोमीटरला 8 तास 18 मिनिटं. येताना 900 उणे 100, म्हणजे 10 तास 22 मिनिटं. दोन्हींत जमिनीवरचं सरकणं, चढण आणि उतरण यांची तीस-चाळीस मिनिटं मिळवा. याच वाऱ्यासाठी उत्तर प्रशांत महासागरावरचे मार्ग रोज नव्याने आखले जातात. एकाच दिवशी जाण्याचे आणि येण्याचे मार्ग वेगळे दिसतात. वळसा घालून पैसे उकळायचे असते, तर वारा बघून रोज मार्ग बदलण्याची उठाठेव कुणी केली असती?

वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरलेली असतात, हे मान्य. पण छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि धावपट्टीची रांग त्यातच येते. त्याला फुगवणं म्हणत नाहीत.

टोकियोहून संध्याकाळी 5 ला निघून ‘त्याच दिवशी’ सकाळी साडेदहाला सॅन फ्रान्सिस्कोत उतरणं ही आंतरराष्ट्रीय वाररेषेची करामत आहे: पूर्वेला जाताना ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते. घड्याळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नका.

पुढचं विमान ठरवताना तुमच्या टोकियो–सॅन फ्रान्सिस्को विमानाचे, त्याच क्रमांकाचे, आधीच्या पंधरा-वीस दिवसांतले पोचण्याचे प्रत्यक्ष वेळ बघा आणि त्यातला सर्वांत उशिराचा धरा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सामानही सहसा तिथेच उचलून पुन्हा द्यावं लागतं. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर निदान चार तास मोकळे ठेवा, कारण ते विमान चुकलं तर नवं तिकीट तुमच्याच खिशातून.