गरजेची असती तर डॉक्टर बोलले असते की!

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड परत फिरला. साठीच्या पुढच्यांनी फ्लूची लस घेऊ नका, लसीनंच फ्लू होतो, दरवर्षी टोचावी लागते म्हणजे फेल आहे, कोविडची घेतलीय तेवढी पुरे, आणि गरजेची असती तर तुमचे डॉक्टर स्वतःहून बोलले नसते का. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी सोलापुरात अशोक चौकाकडं एका छोट्या दवाखान्यात सिस्टर आहे, सुया टोचण्यात वीस वर्षं गेली, म्हणून लिहितेय.

लसीनं फ्लू होतो म्हणे. सुईनं देतो त्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच, मग फ्लू देणार कोण? दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, बास. आता लस घेतल्यावर आठ दिवसात खोकला झाला अशी केस सगळ्यांच्याच घरात असते, पण संरक्षण तयार व्हायलाच दोन आठवडे लागतात आणि पावसाळ्यात घेतली तर तेवढ्यात दुसरा कुठलातरी व्हायरस गाठतोच, नाव मात्र लसीचं.

दरवर्षी का, तर व्हायरस रूप बदलतो आणि लसीनं आलेली ताकद पण उतरते. डब्ल्यूएचओ वर्षातनं दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरला, लसीत काय घालायचं ते सांगते. शंभर टक्के चालते असं मी म्हणणारच नाही, फिरणाऱ्या व्हायरसशी चांगली जुळली त्या वर्षी पण 40 ते 60 टक्के, म्हातारपणी त्याहून कमी. तरी घ्या म्हणते कारण फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे. 2018 ला कॅनडाचा अभ्यास आला होता, फ्लू निघाल्यावर पहिल्या 7 दिवसात हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट. आणि आपल्याकडं शुगर-बीपी नसलेलं म्हातारं माणूस दाखवा की, त्यात निम्मं आयुष्य विड्या वळण्यात नाहीतर पॉवरलूमच्या धुळीत गेलेलं, छाती आधीच घरघरतीय.

कोविडची लस कोविडपुरती. फ्लूची वेगळी, आरएसव्ही म्हणून छातीचा आणखी एक व्हायरस आहे, त्याची वेगळी (ती अमेरिकेत 2023 ला मंजूर झाली, आधी म्हाताऱ्यांसाठी).

राहिलं डॉक्टरांचं. इथं फॉरवर्डवाला खरं बोललाय, पण अर्थ उलटा काढलाय. आम्ही बोलत नाही कारण आम्हाला कुणी तयारच केलं नाही. ट्रेनिंग सगळं लहान मुलांच्या लसीकरणाचं, बाळाचं कार्ड असतं, पोलिओला बूथ लागतो, आजीला कोण विचारतंय? एक अक्का दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या, मी विचारलं फ्लूची लस घेतली का, तर म्हणाल्या, "इतकी वर्षं येतेय गं, कुणी बोललंच नाही." काय सांगणार त्यांना. आणि त्या घरी तेलुगू बोलतात, लसीचं मराठीत सांगून निम्मंच पोचतं.

टोचायचं पण शिकावं लागतं हो. ब्लाऊजची बाही घट्ट असते, वर सरकत नाही, मग घाईत गळ्याकडनं ओढून खांद्याच्या पार वर टोचतात आणि महिनाभर हात उचलत नाही, पुढच्या वर्षी ती बाई येईल का? बाही काढायला लावा, दंडाच्या स्नायूतच द्या. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर टोचल्यावर दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. फ्रिज 2 ते 8 डिग्री. मी आधी होते तिथं लस बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठली होती, लाईट गेल्यावर विरघळली, तरी "चालतंय की" म्हणून तिथले लोक द्यायला निघाले होते. गोठलेली लस फेकायचीच असते.

आता आमच्याकडं केसपेपरवर बीपीच्या खाली "फ्लू लस?" असा शिक्का मारतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तो बघून मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही घेतलीय का?" घेतली नव्हती. दुपारी घेतली, दंड दोन दिवस दुखला.