पहाट नक्की किती वाजता संपते?

लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड झाल्यावर फाइली जागेवर होत्या, वॉलपेपर जागेवर होता, फक्त कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं अमेरिकेला निघून गेलेलं. म्हणजे वेळ आपलीच, पण तारीख ७/८ आणि बाहेर जुलैचा पाऊस. महिना आधी, दिवस नंतर. या तारखेची गंमत अशी की बारापर्यंत काही बिघडलंय हे कळतच नाही, कुठूनही वाचा, तारीखच वाटते, आणि तेरा उजाडली की दुष्काळ नसताना तेरावा महिना येतो.

आता कोणी म्हणेल एवढं काय त्यात, मोबाईल बघ. पण आमच्याकडे माझा लॅपटॉप दिवसभर डायनिंग टेबलवर उघडा असतो आणि सगळं घर येता-जाता त्यात वेळ बघतं, कारण भिंतीवरचं घड्याळ आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलंय आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे त्याला कोणी भीक घालत नाही.

तर त्या लॅपटॉपवर वाजले होते १७:४५.

नाना (म्हणजे सासरे) खूश. रेल्वेत उभी नोकरी झालेली, त्यांच्या मते दिवसाला चोवीस तास असताना घड्याळात बाराच का हाच मुळात चुकीचा कारभार आहे. "सतरा पंचेचाळीस! याला म्हणतात टाइम!" मग ओघाने रात्री बारा दहाच्या गाडीचं पुराण आलंच. पंधरा तारखेची ००:१० ची गाडी म्हणजे चौदाच्या रात्री जेवून निघायचं, पण लोक पंधराच्या रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर येतात आणि मग टीसीशी भांडतात. आई म्हणाल्या, बरोबरच आहे लोकांचं, पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्री बारा वाजता कोणी उठून तारीख बदलतं का? आणि सतरा कसले वाजतात, पावणेसहा झालेत, चहा ठेवा.

मी सेटिंग उघडलं. तिथे दोनच पर्याय, बारा तासांचं नाहीतर चोवीस तासांचं, आणि खाली 'कस्टम' नावाचा एक रिकामा चौकोन. या चौकोनात पर्सेंटचं चिन्ह आणि त्याच्यापुढे एकेक अक्षर असं लिहायचं असतं, ही सी नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळातली पद्धत, आणि ज्याने कोणी ही अक्षरं वाटली तो त्या दिवशी घरून भांडून आला असावा. कॅपिटल एम म्हणजे मिनिट, स्मॉल एम म्हणजे महिना. स्मॉल पी लिहिलं तर एएम-पीएम मोठ्या अक्षरात येतं, कॅपिटल पी लिहिलं तर बारीक अक्षरात, हो, उलटंच, मी नीट वाचलंय.

नवरा म्हणाला सरक, मी करतो. तो ऑफिसात जे वापरतो त्यात स्मॉल एम म्हणजे मिनिट, त्यामुळे त्याने सवयीने तेच ठोकलं आणि आमच्याकडे सहा वाजून सात मिनिटं झाली. बराच वेळ सहा वाजून सातच मिनिटं होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भाजी झाली, तरी सात मिनिटं, कारण जुलै चालू होता! मग एकदम सात वाजून सात मिनिटं. मग याने सेकंद हवेत म्हणून स्मॉल एस टाकला तर कोपऱ्यात दहा आकडी नंबर आला आणि भराभर वाढायला लागला. आईंनी विचारलं कोणाचा नंबर आहे हा? तो नंबर म्हणजे १ जानेवारी १९७० पासून आजपर्यंतचे सेकंद. युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या घराण्यातली कॉम्प्युटरं तिथूनच वेळ मोजतात, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. हे नानांना फार आवडलं. तेवढ्यात त्यांनी १९७० साली आपण कुठल्या स्टेशनला होतो हेही सांगून घेतलं.

मग मी भाषा मराठी करून बघितली. एएम-पीएमच्या जागी म.पू. आणि म.नं. आलं. मध्यान्हपूर्व, मध्यान्हनंतर. आता कुठल्या घरात म.नं. पाचला चहा होतो मला सांगा, शाळेच्या इन्स्पेक्शनला आल्यासारखं वाटतं. शिवाय दिवसाचे दोनच तुकडे! आपल्याला पहाट लागते, सकाळ लागते, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि कॉम्प्युटरकडे खणच दोन.

पण पॅनेलवर, म्हणजे घड्याळ असतं त्या पट्टीवर, बसणारं एक प्लगइन (छोटं जोड-सॉफ्टवेअर) असतं, ते आपण लिहिलेली छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवतं आणि त्यातून जे बाहेर पडेल ते दाखवतं. म्हणजे इतक्या तासांपासून इतक्या तासांपर्यंत हा शब्द, एवढंच लिहायचं. कोडच्या पाच ओळी. त्या लिहायला वेळ लागला नाही, वेळ लागला तो आकड्यांना, कारण पहाट किती वाजता संपते हा प्रश्न मी जेवताना विचारला.

आई म्हणाल्या सहाला. नाना म्हणाले उन्हाळ्यात सहा, थंडीत साडेसहा. नवरा म्हणाला मी कधी बघितली नाही, तुम्ही ठरवा. रात्री तीनला पहाट म्हणायचं का यावर तर रीतसर दोन पक्ष पडले. झोपला नसशील तर रात्र आणि उठला असशील तर पहाट, असं आईंचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे पण स्क्रिप्टला कसं कळणार कोण उठलंय. साडेअकराला सकाळ म्हणणारे आळशी असतात, हे माझ्याकडे न बघता बोललं गेलं. शेवटी चार ते सहा पहाट, बारापर्यंत सकाळ, चारपर्यंत दुपार, सातपर्यंत संध्याकाळ, पुढे सगळी रात्र. नानांसाठी कंसात चोवीस तासांचं.

पॅनेलवर एवढं मावेना. नानांचा कंस काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून शब्द कापले. सकाळ, दुपार, रात्र आपसूकच आखूड, संध्याकाळची मात्र 'संध्या' केली.

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या कॉलवर स्क्रीन शेअर केली. आमचा लखनौचा मॅनेजर, देवनागरी व्यवस्थित वाचतो, मध्येच थांबला आणि म्हणाला, ये संध्या ६:४० को जॉइन कर रही है क्या, रुकें उसके लिए?

मी म्हटलं नको, सातला ती जातेच.