पाळकसाहेब, एकटे येऊ नका

गेल्या महिन्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन आईला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, देऊन गेले. तेव्हापासून मनात आहे ते आज लिहून टाकतो. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कुणाला लागलं तर फोन करून भांडा, इथे नको.

आई ८४ वर्षांची. खुबा मोडल्यापासून दीड वर्ष पलंगावर. घर नाशिकला शरणपूर रोडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वारा आमच्याकडे असला की रविवारी चर्चची घंटा ऐकू येते. ती वाजली की आई पदर डोक्यावर घेते आणि पुढचा दीड तास घरात कुणी टीव्ही लावायचा नाही.

त्या दिवशी तिने सकाळपासून माझ्याकडून टीपॉय रिकामा करून घेतला. गोळ्यांचे डबे, थर्मामीटर, चष्म्याचं घर, सगळं खाली. वर इस्त्रीचं पांढरं कापड. ‘घडी मोडू नकोस’ हे चार वेळा ऐकलं. साहेब सव्वाअकराला आले, छोटी पेटी उघडली, आतला अंगठ्याएवढा प्याला काढला. भाकर, द्राक्षारस, प्रार्थना, आशीर्वाद. मधे खिशातला फोन दोनदा थरथरला. ‘अजून चार घरं आहेत’ म्हणत जिना उतरलेसुद्धा. जेमतेम दहा मिनिटं.

मी कापड उचलायला गेलो तर आई म्हणाली, ‘असू दे रे थोडा वेळ.’ मग जरा थांबून, ‘नर्स इंजेक्शन देऊन गेल्यासारखं झालं.’

साहेबांवर माझा राग नाही. एका माणसाने रविवारी उपासना घ्यायची, मग कमिटीची भांडणं ऐकायची आणि उरलेल्या वेळात पाच जिने चढायचे. राग आहे तो आमच्यावर. आईने तीस वर्षं महिला मंडळ ओढलं, नाताळाच्या करंज्यांचं सारण स्वतः ढवळलं. त्या करंज्या खाल्लेले लोक शंभर पावलांवर राहतात. दीड वर्षात प्रभुभोजनाच्या वेळी त्यातला एकही माणूस तिच्या शेजारी बसलेला नाही.

आणि हे काही माझं नवं खूळ नाही. आमची मंडळी १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असली तरी मूळची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. त्या जुन्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या प्रभुभोजनाचा वेगळा विधीच आहे. १६६२ च्या प्रतीत स्पष्ट सांगितलंय की आजाऱ्याबरोबर घेणारे तिघं, निदान दोघं तरी हवेत. सूट फक्त साथीच्या रोगात, शेजारीपाजारी भीतीने येईनासे झाले तर. तेव्हा पाळकाने एकट्याने आजाऱ्याबरोबर घेतलं तरी चालेल. म्हणजे प्लेगासाठी ठेवलेली सवलत आपण बारमाही करून टाकली.

(कोरोनात मोबाइलवर उपासना चालायची तेव्हा मी आईपुढे बशीत पावाचा तुकडा ठेवला होता. तिने हात लावला नाही. ‘मग जेवणपण मोबाइलवरच वाढ,’ म्हणाली. त्यावर आपल्याकडे उत्तर नव्हतं.)

माझी मावशी लग्न करून कॅथलिक घरात गेली, नाशिकरोडला. तिच्याकडची पद्धत वेगळी. तिथे मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, पवित्र केलेली भाकर ख्रिस्तप्रसाद म्हणून घरोघर नेतात आणि १९७३ पासून रोमने हे काम नेमलेल्या प्रापंचिक माणसांनाही करायला मोकळीक दिली आहे. मावशीकडे यायचे ते प्रेसमधून रिटायर झालेले एक काका. गळ्यात डबी, शर्टाच्या आत. वाटेत कुणी हाक मारली तरी थांबायचे नाहीत, नुसता हात वर. मावसोबांना शेवटी गिळता येत नव्हतं, तेव्हा काका कणभर तुकडा जिभेवर ठेवून वर चमचाभर पाणी द्यायचे आणि गिळेपर्यंत त्यांचा हात धरून बसायचे. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला जो ख्रिस्तप्रसाद देतात त्याचं लॅटिन नाव व्हायाटिकम. त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. शिदोरी कुणीतरी बांधून द्यावी लागते, हे आपल्याला वेगळं समजावायला नको.

दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक रोममध्ये लिहून गेला आहे, की जे उपासनेला येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घरी पोचवत. वाटा, म्हणजे हक्काचा. आपण मात्र त्याला ‘भेट’ म्हणतो आणि नाताळ-ईस्टरच्या आधी यादी करतो.

कॅथलिकांसारखं आपल्याकडेही नेमलेल्यांनी न्यावं का, हा वाद बिशपांनी आणि पाळकांनी घालावा. मला त्यातलं कळत नाही. माझं मागणं साधं आहे: साहेब येतील तेव्हा मंडळीतले दोघं बरोबर यावेत, त्यांनीही त्याच प्याल्यातून घ्यावं, आणि घरातल्या आम्हीही स्वयंपाकघरात चहाची गडबड न करता शेजारी बसावं. मीही दोन वेळा चहाच टाकत होतो, कबूल.

मागच्या आठवड्यात महिला मंडळातल्या दोन बाई सहज डोकावल्या. हातात काही नाही, पेटी नाही की प्याला नाही. ‘सलाम बाई’ म्हणून पलंगावरच बसल्या आणि ना. वा. टिळकांचं एक गीत सुरू केलं, जुन्या चालीत. आईला तिसरं कडवं आठवेना. त्यांनाही आठवेना. तिघी हसत सुटल्या, मग पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं. त्या रात्री आई भाजी-भाकरी नीट जेवली.

येत्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर साहेब कॉलेज रोडला एका आजोबांकडे जाणार आहेत. मी विचारलंय, ते हो म्हणालेत. गाडीत अजून दोन जागा आहेत. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांनी आधी कळवा.