मांगाराईतली गावं आणि रोकडीचं वेळापत्रक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेकडच्या मांगाराई भागातल्या डोंगरी गावांवरच्या लेखाखाली आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच देतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: इंडोनेशियाचं सरकार २०१५ पासून गावागावाला ग्रामनिधी देतं, गेल्या काही वर्षांत तर सरासरी वर्षाला जवळपास एक अब्ज रुपिया. मोबाईल पोचलाय. कॉफी, लवंग पिकते. व्हॅनिलाला तर मध्यंतरी चांदीचा भाव होता. एवढं असूनही तरुण पोरं बोर्निओ बेटावरच्या कालिमांतानच्या पाम मळ्यांत मजुरी करायला जात असतील, तर तो आळस आहे आणि लेखाने त्यावर पांघरूण घातलंय.

आळसाचा मुद्दा शेवटाकडे घेतो. आधी पैशाचं.

एक अब्ज रुपिया म्हणजे आपले साधारण पन्नास-पंचावन्न लाख. हा ‘दाना देसा’ २०१४ च्या ग्राम कायद्यातून आला आणि त्याने खरोखर फरक पडला, यात वाद नाही. पण ती रक्कम गावाच्या हातात मोकळी येत नाही. २०२२ सालचंच उदाहरण घ्या. राष्ट्रपतींच्या आदेशानुसार किमान ४० टक्के रक्कम गरीब कुटुंबांना रोख मदत म्हणून द्यायची होती (दर महिना ३ लाख रुपिया), २० टक्के अन्नसुरक्षेला आणि ८ टक्के कोविडसाठी. रस्ता, पाणी, बालवाडी, आरोग्यसेविकांचं मानधन या सगळ्याला मिळून उरले जास्तीत जास्त ३२ टक्के. पुढच्या वर्षी रोख मदतीचा वाटा कमी झाला, पण ‘वरून ठरलेली’ कामं संपली नाहीत.

आता त्या उरलेल्या पैशात रस्ता करून बघू. गावात होतो तो काँक्रीटचा साधा पट्टा: अडीच मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. एका किलोमीटरला ३७५ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ५० किलोच्या साडेसहा गोण्या धरल्या, तरी २,४०० गोण्या सिमेंट, म्हणजे १२० टन. पाच टनी ट्रकच्या २४ खेपा. ट्रक जिथे थांबतो तिथून पुढे मोटारसायकलवर दोन-दोन गोण्या, म्हणजे १,२०० खेपा. वाळू आणि खडी वेगळी. खडी बहुतेक वेळा गावातच, हाताने फोडलेली. सिमेंट बेटावर बोटीने येतं, त्यामुळे बंदरापासून गाव जितकं लांब, तितकी तीच गोणी महाग.

एवढं करून रस्ता टिकतोच असं नाही, आणि का टिकत नाही हे कुठल्याही गवंड्याला ठाऊक असतं. निधी हप्त्यांनी येतो, हप्ता कागदपत्रं पूर्ण झाल्यावर सुटतो. तो लांबला की काम नोव्हेंबरात, म्हणजे पहिल्या पावसात येतं. ओतलेलं काँक्रीट आठवडाभर ओलं गोणपाट टाकून जपायला हवं; त्याऐवजी तिसऱ्या दिवशी त्यावरून दुचाकी जाते. चार-पाच मीटरवर सांधा सोडायचा, तो सुटत नाही आणि पट्टा स्वतःच आपली जागा शोधून तडकतो. सगळ्यात मोठा घात मात्र गटाराचा. अंदाजपत्रकात लांबी वाढवायची म्हणून आधी गटार कापलं जातं. डोंगराकडून येणारं पाणी मग काँक्रीटच्या काठाखालची माती नेतं, पट्टा अधांतरी राहतो आणि एका भरल्या ट्रकने मोडतो. उद्घाटनाच्या फोटोत लांबी दिसते, गटार दिसत नाही.

रस्त्याला इतका वेळ दिला, कारण मालाचा भाव तिथेच ठरतो. पण त्याहून मोठी गोष्ट आहे रोकड कधी येते ती, आणि ती आपल्या प्रतिक्रियेत सुटलीये.

पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. डिसेंबर ते फेब्रुवारी कणगीतला मका-भात सरत आलेला असतो आणि नवीन पीक शेतात असतं. याच काळात व्यापारी किंवा त्याचा माणूस येतो, तांदूळ किंवा रोख देतो आणि झाडावरची हिरवी कॉफी लिहून घेतो. याला ‘इजोन’ म्हणतात. कोकणात मोहोर बघून बाग व्यापाऱ्याला देतात, त्याच जातीचा हा व्यवहार. फरक एवढाच की इथे भाव भुकेच्या महिन्यात ठरतो. कॉफी उतरते जून ते सप्टेंबर. शाळेचं वर्ष सुरू होतं जुलैत, कॉलेजचंही त्याच सुमारास. म्हणजे कॉफी नीट वाळण्याआधीच फी भरायची वेळ येते.

फीसाठी मांगाराईत एक पद्धत आहे, ‘पेस्ता सेकोलाह’. मूल कॉलेजला निघालं की घर मेजवानी देतं, येणारा पाकिटात रक्कम आणतो आणि ती वहीत लिहिली जाते. त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढी किंवा थोडी जास्त परत करायची. लग्नातला ‘बेलिस’, म्हणजे मुलाकडून मुलीकडच्यांना दिले जाणारे पैसे आणि जनावरं, हाही असाच वर्षानुवर्षं चालणारा हिशेब. बाहेरून बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. माझ्या मते ही गावाची बँकच आहे, फक्त तिची परतफेड तुमच्या सोयीने ठरत नाही. ओळीने चार कार्यं आली की कॉफी अर्धओली विकली जाते, आणि व्यापारी दाणा दाताखाली दाबून ओलाव्याची कपात आपल्या अंदाजाने लावतो.

आता व्हॅनिला. आपण लिहिलंत, ‘लावायची आणि विकायची, कठीण काय?’ वेल लावल्यावर फुलायला सुमारे तीन वर्षं. फूल एकच दिवस उमलतं, आणि मूळच्या मेक्सिकोतल्या या वेलीचं परागीभवन इंडोनेशियात माणसाला करावं लागतं: सकाळीच, बारीक काडीने पडदी उचलून, एकेका फुलाचं. हौसेने सगळीच फुलं फळवली की वेल दमते. घोसाला आठ-दहा शेंगा पुरेत. मग आठ-नऊ महिने वाट. इथे चोरी आड येते. एकाची शेंग चोरीला गेली की शेजारी पाच-सहा महिन्यांची हिरवी शेंग तोडतो, आणि तिच्यात सुगंध तयारच झालेला नसतो. पिकलेली शेंग हाती आली तरी ६३-६५ अंश पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवायची, घोंगडीत गुंडाळून पेटीत घाम काढायचा, मग दोन-तीन आठवडे रोज काही तास ऊन, त्यानंतर महिनाभर सावली, शेवटी बंद पेटीत दोन-तीन महिने मुरवण. पाच-सहा किलो ओल्या शेंगांचा एक किलो माल होतो. ओलावा जास्त राहिला तर पेटीतली एक बुरशीची शेंग सगळी पेटी घालवते. शिवाय फ्युजेरियम बुरशीची मूळकूज, जी बहुधा शेजाऱ्याकडून प्रेमाने आणलेल्या कलमातूनच येते.

आणि भाव? २०१७ च्या मार्चमध्ये मादागास्करला, म्हणजे व्हॅनिलाच्या सगळ्यात मोठ्या उत्पादक देशाला, एनावो चक्रीवादळाचा तडाखा बसला, त्यानंतर किलोमागे सहाशे डॉलरपर्यंतची बातमी जगभर गेली. ती ऐकून २०१८ साली ज्याने वेल लावली, त्याचा पहिला मुरवलेला माल आला २०२२ च्या सुमारास. २०२३ मध्ये मादागास्करने निर्यातीचा किमान भाव काढून टाकला आणि बाजार कोसळला. यात आळस कुठे बसवायचा?

मोबाईलबद्दल थोडक्यात. जावा बेटावरच्या सुराबाया बंदराचा भाव आता गावात कळतो, हे चांगलंच. पण ४० किलो कॉफी घेऊन कुणी सुराबायाला जात नाही. भाव कळणं आणि तो भाव मिळणं यांच्यामध्ये ट्रक, बोट आणि काही टनांचा एकसारखा वाळवलेला माल उभा असतो.

तर पोरं का जातात? मळ्यात पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, एवढंच कारण पुरेसं आहे. त्या पैशाने इजोन टळतो, धाकट्याची फी जाते. धोके आहेत, विशेषतः सीमेवरच्या नुनुकानमार्गे कागदपत्रांविना मलेशियाच्या सबाहमध्ये जाणाऱ्यांना, आणि घरच्यांना ते माहीत नसतात असं नाही. दिवसभर पामचे घड तोडायला जाणाऱ्याला आळशी म्हणणं मला पटत नाही.

आपण शेवटी विचारलंत की मग उपाय काय. फ्लोरेसवरच दोन गोष्टी चालताना दिसतात. एक, पतसंस्था. सिक्का जिल्ह्यातली ‘पिंतू आयर’ १९९५ मध्ये एका खेड्यात सुरू झाली आणि आज देशातल्या मोठ्या पतसंस्थांत मोजली जाते. भुकेच्या महिन्यात तिथून कर्ज मिळालं तर झाडावरची कॉफी लिहून द्यावी लागत नाही. दुसरी, मांगाराईशेजारच्या बाजावा भागातली कॉफीची गट-प्रक्रिया केंद्रं: फक्त लाल फळ घ्यायचं, पाण्यात टाकून तरंगणारं वेगळं काढायचं, त्याच दिवशी गर काढायचा, आंबवून धुवायचं, उंच मांडवावर वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणायचा.

ही केंद्रं बुडतात ती यंत्र बिघडल्याने क्वचितच. सभासद फळ आणतो त्या संध्याकाळी त्याला रोख हवी असते. केंद्राला मात्र निर्यातदाराचे पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळतात. दहा टन हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या दाण्यांसाठी पंचावन्न ते साठ टन फळ विकत घ्यावं लागतं, तेही तीनेक महिन्यांत. तेवढं खेळतं भांडवल मे महिन्यात खात्यावर असेल तर केंद्र चालतं. कर्ज मंजूर होता होता जुलै उजाडला, तर अर्धं फळ तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेलं असतं.